पान अकरावरची सूचना

माझी आत्या चौतीस वर्षं माहितीपुस्तिका लिहीत होती. नवीन मिक्सर, गिझर किंवा वॉशिंग मशीन घरी आलं की खोक्यात थर्माकोलच्या खाली एक पातळ पुस्तिका निघते, आणि ती आपण न उघडता ड्रॉवरमध्ये टाकून देतो. ती पुस्तिका आत्या लिहायची. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या शेजारच्या खोलीत तिचं टेबल होतं. नवं यंत्र विकायला जाण्याआधी तिच्या टेबलावर यायचं. ती ते स्वतः चालवून बघायची, मुद्दाम चुकीचं चालवून बघायची, आणि मग लिहायला बसायची. लिहून झालं की कागद घेऊन खाली जायची आणि दारावरच्या वॉचमनला म्हणायची, हे वाच आणि यंत्र चालू करून दाखव. वॉचमन जिथे अडखळेल ते वाक्य ती खोडायची. वॉचमन बिचारा म्हणायचा की माझंच डोकं चालत नाही. त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, की तुझं डोकं उत्तम आहे, माझं वाक्य लंगडं आहे.

आमच्या घरात तिला सगळे सूचनाबाई म्हणायचे. तोंडावर नाही अर्थात. तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती, कारण आत्याची जीभ भलतीच तिखट होती आणि तिचं सगळ्यात आवडतं लक्ष्य म्हणजे आम्ही विकत आणलेल्या वस्तू.

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांनी दारावर पडदा असलेला फ्रीज घेतला, तेव्हा ते तिला कौतुकाने दाखवायला लागले की बघ ताई, दूध संपलं की हा स्वतःहून सांगतो. आत्याने विचारलं, मग आणायला कोण जातं? बाबा म्हणाले, मीच. ती म्हणाली की मग याने केलं काय, आधी तू दार उघडून निराश व्हायचास, आता दार बंद ठेवून होतोस. मी पावलं मोजणारं घड्याळ घेतलं, तर ते दिवसातून चारदा मला दीर्घ श्वास घ्यायची आठवण करून द्यायचं. आत्याने ते माझ्या मनगटावर बघितलं आणि एवढंच विचारलं की घड्याळाचं चार्जिंग संपलं तर तू काय करतेस, गुदमरतेस? मी तो विषय तिथेच सोडला. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी संध्याकाळी खुर्चीत बसून हात हलवत माझी पावलं पूर्ण केली होती, आणि ते तिला कळू नये एवढीच माझी इच्छा होती.

ती स्वतः दोन खोल्यांत एकटी राहायची. पंखा, रेडिओ, इस्त्री आणि एक साधा फोन, एवढीच तिची यंत्रसामग्री. कपडे हाताने धुवायची आणि त्याचा तिला ताठा होता. ज्या बाईने दोन डझन वॉशिंग मशीनांच्या पुस्तिका लिहिल्या, तिच्या घरात मशीन नाही याचं लोकांना नवल वाटायचं. ती म्हणायची की यांचं पोट मी आतून बघितलंय, म्हणूनच.

घडलं ते एका वॉशिंग मशीनमुळेच. कंपनीने नवं मॉडेल काढलं. त्याला समोर एक मोठं गोल चाक होतं आणि चाकाभोवती नऊ खुणा. साधे, जड, झटपट, नाजूक, रेशीम, बाळाचे कपडे, निसर्ग, शांत आणि खास, अशी नऊ प्रोग्रॅमची नावं. मशीन आत्याच्या टेबलाशेजारी आलं आणि ती कामाला लागली. मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून समोर ठेवलं, मशीनचं सांडपाणी बादलीत घेतलं, आणि एकेक प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालवला. किती वेळ, किती पाणी, ड्रम किती वेळा उलटा फिरतो, सगळं वहीत लिहिलं. चौथा प्रोग्रॅम बेचाळीस मिनिटं चालला, दोन बादल्या आणि वर थोडं पाणी लागलं. पाचवाही बेचाळीस मिनिटं, तेवढंच पाणी. सहावा तसाच. तिला वाटलं आपणच चाक नीट फिरवलं नसेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे चालवले. चार ते नऊ, सहाच्या सहा प्रोग्रॅम तंतोतंत एकच होते.

ती इंजिनिअरकडे गेली. इंजिनिअर भला माणूस होता, त्याने लपवाछपवी केली नाही. तो म्हणाला की धुण्याचे प्रकार मुळात चारच होतात, फार तर पाच. पण समोरच्या कंपनीच्या मशीनला आठ प्रोग्रॅम आहेत, म्हणून विक्री विभागाने नऊ मागितले. आत्याने विचारलं की बाळाच्या कपड्यांसाठी निदान पाणी तरी जास्त घेतं का. तो म्हणाला, नाही, पण आईला बरं वाटतं.

आत्या परत टेबलाशी आली. आजवर तिने लोकांच्या मूर्खपणावर तोंडसुख घेतलं होतं, पण कागदावर ती कधी खोटं बोलली नव्हती. आता प्रत्येक प्रोग्रॅमला एक परिच्छेद लिहायचा होता आणि लिहिण्यासारखं काही नव्हतं. दोन दिवस ती नुसती बसून राहिली. मग पान अकरावर तिने चौकटीत लिहिलं, "सूचना : चार ते नऊ हे सहाही प्रोग्रॅम एकच आहेत. चाक यांपैकी कुठेही ठेवले तरी मशीन बेचाळीस मिनिटे तेच काम करते. नावे मन रमवण्यासाठी आहेत."

तिने हे चोरून केलं नाही, ही गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. प्रूफ नेहमीसारखं चार जणांकडे सहीला गेलं. इंजिनिअरने सही केली. वकिलाने पहिल्या पानावरचा शॉक लागण्याबद्दलचा इशारा तपासला आणि सही केली. विक्रीच्या साहेबाच्या समोर तर ती स्वतः उभी राहिली. त्याने पानं भराभर उलटली, पान अकरासुद्धा उलटलं, आणि मुखपृष्ठावरचा निळा रंग जरा उठावदार करा म्हणून सांगितलं. चौथी सही कुणी केली ते त्या माणसालाही आठवत नसेल. पुस्तिका छापून झाली आणि हजारो मशीनांबरोबर हजारो घरांत गेली.

आत्या वाट बघत राहिली. पहिला महिना तिला रोज वाटायचं की आज बोलावणं येणार. बोलावणं आलं नाही. उलट कंपनीला बायकांची कौतुकाची पत्रं आली. एकीने लिहिलं की निसर्ग प्रोग्रॅमवर कपड्यांना वेगळाच ताजा वास येतो. दुसरीने लिहिलं की बाळाची कातडी फार नाजूक आहे आणि सहा नंबरशिवाय दुसरा प्रोग्रॅम तिला चालत नाही. आमच्या बाबांनीही तेच मशीन घेतलं, आणि जेवताना आम्हाला समजावून सांगितलं की शर्टांना शांत आणि पडद्यांना खास. आत्या समोर बसून भात कालवत होती. तिने वरही बघितलं नाही. नंतर मला एकटीला गाठून ती म्हणाली की तुझ्या बापाच्या ड्रॉवरमध्ये पान अकरा पडलंय, पण त्याला सांगू नकोस, बघू तो कधी वाचतो ते.

बाबांनी वाचलं नाही. कुणीच वाचलं नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. लोकांना हसण्यात तिला मिळायची ती मजा हळूहळू आटत गेल्याचं मला दिसत होतं. पूर्वी ती म्हणायची की लोक वाचत नाहीत. पण तो नुसता टोमणा असायचा, मनात कुठेतरी तिला वाटत असणार की कुणीतरी वाचतंच. आता तिच्याकडे पुरावा होता. सकाळी कामावर जाताना तिचं पाऊल जड झालं होतं.

मग एक पत्र आलं. कंपनीच्या पत्त्यावर, हाताने लिहिलेलं, ठळक गोल अक्षरात. लिहिणारी बाई एका गल्लीत लॉन्ड्री चालवत होती आणि तिच्याकडे हीच मशीनं होती, तीन. तिने लिहिलं होतं, "पान अकरावर तुम्ही म्हणता ते मी तपासले. तुमचे बरोबर आहे. पण तीन नंबरही तोच आहे. तो फक्त शेवटचे पिळणे अर्धे करतो, म्हणून झटपट वाटतो. पुढच्या वेळी दुरुस्त करावे."

पत्र आत्याकडे यायला हवं होतं, पण ते मधेच तक्रार विभागात उघडलं गेलं, आणि तिथून हां हां म्हणता सगळ्यात वरच्या मजल्यावर पोहोचलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा कंपनीतल्या माणसांनी पान अकरा उघडलं.

आत्याला त्या पत्राची प्रत आणि बोलावणं एकदमच आलं. नवा मोठा साहेब तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होता. टेबलावर एकही कागद नव्हता, नुसती काच. विक्रीचा साहेब बाजूला उभा होता आणि घामाघूम झाला होता, कारण प्रूफवर त्याची सही होती. आत्याने तयारी करून ठेवली होती. ती सांगणार होती की वाक्यात एक अक्षर खोटं नाही, हवं तर मशीन इथे आणा आणि घड्याळ लावा. पण मोठ्या साहेबाने त्यातलं काही विचारलंच नाही. तो बोलत असताना त्याचं घड्याळ गुरगुरलं, बराच वेळ बसून झालंय, उभे राहा म्हणून, आणि तो बोलता बोलता खरंच उभा राहिला. त्यामुळे पुढचं सगळं त्याने उभ्यानेच सांगितलं.

"मॅडम, मी रागावलेलो नाही," तो म्हणाला. "उलट तुमच्यामुळे आमचे डोळे उघडले. दोन वर्षांत किती लोकांनी हे वाचलं?"

"एका बाईने," आत्या म्हणाली.

"मग आपण हे छापतो कशाला?"

आत्याने लोकांना उघडं पाडायला केलेल्या कामाने तिलाच उघडं पाडलं होतं. महिनाभरात पुस्तिकांचा विभाग बंद झाला. खोक्यात आता एक कार्ड टाकायचं ठरलं, त्यावर एक काळा-पांढरा चौकोन. फोन धरा आणि व्हिडिओ बघा. विक्रीच्या साहेबाला बढती मिळाली, कारण सगळं डिजिटल करण्याची कल्पना त्याची होती असं ठरलं. आत्याला पुष्पगुच्छ आणि मनगटावर बांधायचं एक घड्याळ मिळालं. ते तिने बाहेर पडताना वॉचमनला देऊन टाकलं. वॉचमन म्हणाला की याच्याबरोबर तुमची पुस्तिका नाही, मला चालवता येणार नाही.

घरी बसल्यावर ती चिडचिडी झाली. चीड नोकरी गेल्याची कमी आणि तीन नंबरची जास्त. चौतीस वर्षांत तिची एकही चूक कुणी काढली नव्हती, आणि काढली ती एका अनोळखी बाईने, आणि तीही बरोबर. एक दिवस तिने मला बरोबर घेतलं, पत्रावरचा पत्ता शोधला आणि आम्ही त्या लॉन्ड्रीत गेलो.

जागा लांबट आणि अरुंद होती. एका भिंतीला तीन मशीनं, समोर इस्त्रीचं टेबल, आणि वर दोऱ्यांवर हॉटेलच्या पांढऱ्या चादरी. लॉन्ड्रीवाली साठीच्या आसपासची, ठेंगणी, दंडाने भक्कम. तिने आत्याला ओळख विचारली नाही. आत्याने मी पान अकरा लिहिणारी असं सांगितल्यावर ती म्हणाली, बसा, हा घाणा संपतोय. आणि तीन नंबर लावून दाखवला. आत्याने घड्याळ बघितलं, बादली मागितली, पिळण्याच्या वेळी मशीनवर हात ठेवून उभी राहिली. शेवटी म्हणाली, बरोबर आहे तुमचं. हे शब्द तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

मी विचारलं की तुम्ही पुस्तिका वाचली कशी काय. लॉन्ड्रीवाली म्हणाली की मशीन फिरत असताना इथून हलता येत नाही, आणि समोर छापलेलं दुसरं काही नव्हतं. आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

चहा आला. आत्या सैलावली आणि तिने आपलं नेहमीचं सुरू केलं. लोक कसे बावळट आहेत, नऊ नावांना कसे भुलतात, यंत्रांनी माणसाला कसं आळशी करून टाकलंय, मी अजून माझे कपडे हाताने धुते. लॉन्ड्रीवाली चादरीच्या घड्या घालत ऐकत होती. मग तिने घडी खाली ठेवली.

"किती कपडे असतात तुमचे?" तिने विचारलं.

"एकटीचे कितीसे असणार."

"मी चौदा वर्षं रोज साठ चादरी हाताने धुतल्या," ती म्हणाली. "माझ्या आईने तर जन्मभर. ती शेवटी सरळ उभी राहू शकत नव्हती. चाकावरची नावं थापा आहेत, त्यावर तुम्ही हवं तेवढं हसा. पण मशीनला नावं ठेवू नका. तुमच्या दोन साड्यांचा रुबाब मला सांगू नका."

आत्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि ती उठली. मला वाटलं ती आता तिथे पुन्हा पाऊल टाकणार नाही. आठवड्याने बाबांनी सांगितलं की ताई पिशवीत चादरी घालून कुठेतरी जाताना दिसली.

ती जात राहिली. चादरी निमित्त होतं. दोघी मशीनांसमोर दोन स्टुलांवर बसायच्या आणि जगाला शिव्या घालायच्या, त्यात लॉन्ड्रीवाली मागे नव्हती. फरक एवढाच की ती यंत्राला सोडून बाकी सगळ्यांना घालायची.

पुढच्या वर्षी लॉन्ड्रीतलं एक मशीन कायमचं बंद पडलं आणि त्या जागी कंपनीचं नवं मॉडेल आलं. सोळा प्रोग्रॅम आणि तो चौकोन. लॉन्ड्रीवालीने फोन धरला. व्हिडिओत एक मुलगी मशीनभोवती गिरक्या घेत होती. गिरक्या संपल्यावर फोनने लॉन्ड्रीवालीची जन्मतारीख मागितली, मग पत्ता, मग तिच्या फोनमधल्या सगळ्यांचे नंबर बघायची परवानगी. तिने नाही म्हटलं, तर मशीन चालू होईना. हॉटेलच्या चादरी ओल्या पडलेल्या. आत्या म्हणाली की कपडे धुवायला जन्मतारीख मागणारं यंत्र म्हणजे पोलीस चौकी आहे, आणि बाह्या वर केल्या.

चार दिवस ती त्या मशीनसमोर बसली. कुठली दोन बटणं एकदम किती वेळ दाबली की ते फोनचा नाद सोडून मुकाट्याने चालू होतं, हे तिने तिसऱ्या दिवशी शोधून काढलं. सोळापैकी खरे प्रोग्रॅम चार निघाले. या वेळी तिने तीन नंबर दोनदा तपासला, आणि लॉन्ड्रीवालीकडूनही तपासून घेतला. मग सहा पानं लिहिली. समोरच्या दुकानातून त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि एक मशीनच्या वर टांगली.

ती पानं मशीन दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकने बघितली. त्याला कंपनीकडून काहीच माहिती मिळत नव्हती, तोही व्हिडिओवरच काम चालवत होता. त्याने एक प्रत नेली. त्याच्याकडून दुसऱ्याने नेली. काही दिवसांनी परगावचे मेकॅनिक लॉन्ड्रीत येऊन विचारायला लागले की ते सहा पानांचं इथेच मिळतं का. आत्या म्हणायची की जगात वाचणारी माणसं आहेत, पण अडल्याशिवाय ती सापडत नाहीत. तिच्या तोंडून माणसांबद्दल एवढं बरं कधी निघालं नव्हतं, म्हणून मी ते लक्षात ठेवलं.

बाबांचं जुनं मशीन तोवर म्हातारं झालं होतं. त्यांनी अर्थातच सोळावालं आणलं, आणि तिसऱ्या दिवशी ते मशीन फोनशी बोलेनासं झालं. त्या दुपारी आत्या आमच्याकडे जेवायला होती. बाबांनी मदतीसाठी ताईला विचारावं की नाही यावर पाच मिनिटं विचार केला, आणि मान खाली घालायला नको म्हणून कंपनीच्या हेल्पलाईनला फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग पुन्हा संगीत, मग एक मुलगी आली. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.

मुलगी कागदावरून वाचत होती, ते आवाजावरून कळत होतं. ती म्हणाली, "घाबरू नका. मशीन बिघडलेले नाही, ते फक्त हट्टाला पेटले आहे. डावीकडची दोन बटणे एकदम दाबा आणि मनात दहा मोजा. दहाच्या आधी सोडू नका."

मी आत्याकडे बघितलं. असं वाक्य त्या कंपनीत दुसरं कुणी लिहिणं शक्य नव्हतं. जिने विभाग बंद केला, तीच कंपनी आता आत्याची सहा पानं टेबलावर ठेवून लोकांना वाचून दाखवत होती. बाबांनी बटणं दाबली, मोठ्याने दहा मोजले, मशीन सुरू झालं. त्यांनी मुलीचे तोंडभरून आभार मानले आणि आमच्याकडे वळून म्हणाले की बघा, किती सोपं करून सांगतात हल्ली, पूर्वी कुठे होतं असं.

मला राहवलं नाही. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने माझ्या ताटात आणखी भात वाढला. म्हणजे गप्प बैस.

"काय गं ताई," बाबा म्हणाले, "मान्य कर की आता."

"चांगलं सांगितलं तिने," आत्या म्हणाली. "फक्त 'घाबरू नका' नंतर जरा थांबायला हवं होतं. माणसाला घाबरणं सोडायला तेवढा वेळ लागतो."